ओरलचे २० मार्क खरंच ओरल घेऊन द्या : इंग्रजीच्या सर-मॅडमना आणि बोर्डाला खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शाळा आणि ज्युनियर कॉलेजांतले इंग्रजीचे सगळे सर आणि मॅडम,
तसंच मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

सप्रेम नमस्कार,

मी लातूरला परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी विद्यापीठांना लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करून घेते, सोबत कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीला येणारी इंजिनिअरिंगची पोरंही असतात. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहितेय. दहावी-बारावीच्या इंग्रजीला लेखी पेपरचे ८० मार्क आहेत आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, ज्यात मुलाला इंग्रजी ऐकून कळतं का आणि बोलता येतं का हे बघणं अपेक्षित आहे. ते २० मार्क मुलांना खरोखर बोलतं करून, खरोखर ऐकायला लावून द्या. मागणी एवढीच आहे, पण ती का करतेय हे नीट सांगायला थोडी जागा लागणार, तेवढा वेळ कृपया द्या.

माझ्याकडची बहुतेक मुलं मराठी नाहीतर सेमी माध्यमाची. औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर या भागातली. अभ्यास कसा करायचा हे आमच्या लातूरच्या पोरांना कुणी शिकवायला नको, पहाटे चारला उठून वाचणारी मुलं आहेत ही, बारावीला इंग्रजीत ऐंशीच्या पुढे मार्क घेऊन आलेली. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे बारावी होईपर्यंत सलग बारा वर्षं इंग्रजी शिकून झालेलं असतं. आणि तरीही पहिल्या दिवशी मी म्हटलं की तुझ्या गावाबद्दल दोन मिनिटं बोल, तर पाचव्या वाक्याच्या पुढे गाडी सरकत नाही.

एका मुलाचं उदाहरण जवळून दाखवते. बी.एस्सी. ॲग्री झालेला, घरची कोरडवाहू शेती, नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठात पाण्याच्या विषयात मास्टर्स करायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये एक कार्ड मिळतं, त्यावर विषय आणि तीन-चार मुद्दे असतात, एक मिनिट विचार करायला देतात आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. मी त्याला कार्ड दिलं, तुमच्या शहरावर आलेल्या एखाद्या अडचणीच्या काळाबद्दल सांगा. मिनिटभर त्याने कागदावर काहीतरी खरडलं आणि सुरू केलं, "देअर वॉज वॉटर प्रॉब्लेम इन अवर सिटी. वॉटर इज लाइफ. वुई शुड सेव्ह वॉटर. इफ वुई सेव्ह वॉटर, वॉटर विल सेव्ह अस." आणि थांबला. निबंधातली वाक्यं होती, संपली.

मग मी म्हटलं, बरं आता हेच मराठीत सांग, घड्याळ बघू नकोस. त्यानंतर तो जे बोलायला लागला ते मी मध्ये न बोलता ऐकत बसले. २०१६ चा उन्हाळा, मांजरा धरण कोरडं पडलेलं, टँकरवर मारामाऱ्या व्हायला लागल्या म्हणून पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली, आई रात्री घागरी घेऊन नंबरला बसायची आणि हा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा, मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी, आणि वडील त्याला सोबत घेऊन ती बघायला गेले. पाण्याच्याच विषयात शिकायचं त्याने त्यामुळे ठरवलं. परदेशातल्या कुठल्याही प्राध्यापकाने खुर्ची पुढे ओढून ऐकावं असं सगळं त्याच्याकडे होतं हो. माहिती होती, क्रम होता, भावना होती, मत होतं. शब्दसुद्धा होते, कारण टँकर, क्यू, ट्रेन, डॅम, पोलीस हे काय त्याला येत नाहीत का? हे सगळं इंग्रजीत तोंडातून बाहेर काढायची वेळ बारा वर्षांत त्याच्यावर एकदाही आली नव्हती, अडलं ते इथे.

त्यालाच मी नंतर छोट्या छोट्या वाक्यांत हेच इंग्रजीत सांगायला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "आय हॅड गॉन टू सी द ट्रेन विथ माय फादर. पीपल हॅड कम फ्रॉम ऑल साइड." आपल्या मुलांची ही अगदी ठरलेली चूक, तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली असणार. आपण मराठीत "मी गेलो होतो" असं सहज म्हणतो, ते जसंच्या तसं हॅड लावून उतरतं, आणि साधा भूतकाळ जिथे हवा तिथे पास्ट परफेक्ट येऊन बसतो. याच मुलाने बारावीच्या पेपरात "डू ॲज डायरेक्टेड" चे सगळे मार्क घेतलेले. टेन्स बदला म्हटलं की बदलतो, व्हॉइस बदलतो, डायरेक्टचं इनडायरेक्ट करतो, "नो सूनर" ने वाक्य सुरू करा म्हटलं की "दॅन" कुठे येतो हे झोपेत सांगेल. पण स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगताना "वेंट" म्हणायचं की "हॅड गॉन", हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो, आणि तो घ्यायची सवय वाक्य बदलून लागत नाही, बोलून लागते, चुकून लागते, कुणीतरी शांतपणे दुरुस्त केल्यावर पुन्हा बोलून लागते.

ग्रामर शिकवू नका असं मी चुकूनही म्हणणार नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला ग्रामर समजावून सांगावंच लागतं, कारण इंग्रजीतलं "अ" आणि "द" आपल्याकडे नाहीच, क्रियापद आपल्याकडे शेवटी आणि त्यांच्याकडे मध्ये, प्रश्न विचारताना शब्द उलटे करायची आपल्याला सवय नाही म्हणून "व्हेअर यू आर गोइंग" असं होतं. हे नियम कळले पाहिजेत आणि ते मराठीतूनच समजावून दिले तर पटकन कळतात असा माझा अनुभव आहे. माझं म्हणणं पुढच्या टप्प्याबद्दल आहे. नियम कळल्यावर तो वापरायची जागा कुठे आहे? पेपरात रिकाम्या जागा आहेत, पण मुलाला समोरच्या माणसाशी बोलायची जागा ते २० मार्क सोडले तर अख्ख्या व्यवस्थेत कुठेच नाही.

आता पुस्तकांबद्दल, कारण पुस्तकांवर राग काढणं मला अन्यायाचं वाटतं. बालभारतीची नवी पुस्तकं काढून बघा. धडा सुरू व्हायच्या आधी मुलांनी आपापसात बोलावं म्हणून प्रश्न दिलेत, क्यूआर कोड दिलेत. बारावीच्या पुस्तकात तर स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र, कसं लिहायचं हे आहे, ग्रुप डिस्कशन आहे, म्हणजे पुस्तक करणाऱ्यांनी परदेशी शिक्षण आणि नोकरी दोन्ही डोळ्यासमोर ठेवलं होतं हे स्पष्ट दिसतं. आणि मग परीक्षेत काय होतं बघा. ग्रुप डिस्कशनचा प्रश्न लेखी येतो. विषय देतात आणि मुलाने एकट्याने बसून चार जणांचे संवाद लिहायचे. इंटरव्ह्यूचं तेच, प्रश्न कागदावर तयार करून लिहायचे, विचारायचे कुणालाच नाहीत. हे म्हणजे कबड्डीची मॅच वहीत लिहून घेण्यासारखं झालं. मुलं काय करतात, गाइडमधला साचा पाठ करतात, पहिला म्हणतो "गुड मॉर्निंग फ्रेंड्स, टुडेज टॉपिक इज", दुसरा म्हणतो "आय ॲग्री विथ यू", तिसरा म्हणतो "बट आय हॅव अ डिफरंट ओपिनियन", आणि चौथा समारोप करतो. मार्क मिळतात. पुढे पुण्यात कॅम्पस ड्राइव्हला सात-आठ जणांच्या गोल टेबलाला बसल्यावर हाच मुलगा वीस मिनिटं एक शब्द बोलत नाही, आणि त्याच्याहून कमी कोडिंग येणारा पुढच्या राउंडला जातो. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून अशा ड्राइव्हमागून ड्राइव्ह देणारी किती पोरं मला रात्री फोन करतात, त्यांचा आवाज ऐकून जीव तुटतो.

ओरलच्या दिवशी काय होतं हे मुलंच सांगतात, मी कुठल्या कॉलेजचं नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही कारण चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच आहे. काही ठिकाणी वर्गात उभं करून एक कविता म्हणायला लावतात. काही ठिकाणी "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ", मग मुलगी पाठ केलेलं "माय नेम इज, माय फादर इज अ फार्मर, माय हॉबी इज रीडिंग" म्हणते, थँक्यू म्हणते, बसते. काही ठिकाणी तेही नाही, फक्त प्रोजेक्ट जमा करायचं आणि सही करायची. आणि सगळ्यांना अठरा-एकोणीस. जो मुलगा खरंच बोलू शकतो त्यालाही अठरा आणि ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही त्यालाही अठरा. त्या दुसऱ्या मुलाला हे कुणी सांगतच नाही की बाबा, तुला इथे अडचण आहे. त्याला ते कळतं तेव्हा तो बावीस वर्षांचा असतो आणि समोर आयईएलटीएसचा परीक्षक बसलेला असतो.

आयईएलटीएस चार भागांत असते, लिसनिंग साधारण अर्धा तास, रीडिंग एक तास, रायटिंग एक तास आणि स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं, आणि चारही भागांना सारखं वजन. म्हणजे निम्मी परीक्षा ऐकण्या-बोलण्याची आहे, आणि नेमका तोच निम्मा भाग आपल्या मुलांनी आधी कधीच कुठे दिलेला नसतो. आता एक हिशोब बघा, माझ्या टेबलावर असे निकाल नेहमी येतात (प्रत्येक भाग नऊपैकी, या गुणांना बँड म्हणतात). रीडिंग ७, लिसनिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ५.५. बेरीज २५, भागिले चार म्हणजे सव्वासहा, आणि नियमाप्रमाणे सव्वासहाचे साडेसहा धरतात. ओव्हरऑल ६.५, घरी पेढे वाटून झाले. मग विद्यापीठाच्या साइटवर अट वाचायची, बऱ्याच ठिकाणी ती अशीच असते, ओव्हरऑल ६.५ आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको. एका अर्ध्या बँडवर सगळं अडलं. पुन्हा परीक्षा. परीक्षेची फी हजारांच्या घरात आहे, आमच्याकडच्या बापाच्या भाषेत काही क्विंटल सोयाबीन.

सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट सरकार देतं. इतकी मोलाची योजना आहे ही, पण तिच्यासाठी जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो, आणि त्या विद्यापीठांची इंग्रजीची अट काही सरकार माफ करू शकत नाही. वस्तीवरून आलेलं हुशार पोरगं सगळ्या अडचणी पार करून या दारापर्यंत येतं आणि स्पीकिंगच्या ५.५ वर थांबतं, हे मला सहन होत नाही. पैशाची सोय आहे, बुद्धी आहे, कष्ट आहेत, आणि राहिलं काय, तर जे शाळेत फुकट व्हायला पाहिजे होतं ते.

बोलण्याच्या परीक्षेबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत, तेही सांगते. परीक्षकाला साहेबी उच्चार नको असतो. मार्क चार गोष्टींवर असतात, सलगपणे आणि सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, ग्रामर आणि उच्चार, चारही सारखे. उच्चारात बघतात ते समोरच्याला कळतंय की नाही हे, आपला मराठी हेल असला तरी चालतो. ६ बँडच्या वर्णनात तर असं आहे की माणूस लांबलचक बोलायला तयार असतो, मग मध्ये अडखळला, तेच पुन्हा म्हणाला, स्वतःची चूक स्वतः सुधारली तरी हरकत नाही. म्हणजे ६ साठी निर्दोष बोलावं लागत नाही, बोलायची तयारी लागते. आणि पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं, त्यांना त्याचं ट्रेनिंगच असतं. आपली मुलं मात्र चूक होईल या भीतीने तोंड मिटून बसतात, कारण बारा वर्षं चूक म्हणजे लाल पेनाची रेघ आणि वर्गातलं हसू, एवढंच त्यांनी बघितलंय.

लिसनिंगचं दुखणं वेगळं आहे. ऑडिओ एकदाच वाजतो. पहिल्या भागात अगदी साधा संवाद असतो, कुणीतरी फोनवर बुकिंग करतंय, नाव सांगतंय, स्पेलिंग सांगतंय, नंबर सांगतंय. त्यात "डबल फोर" आलं, शून्याला "ओ" म्हटलं, "थर्टीन" आणि "थर्टी" आलं की आपली मुलं गडबडतात आणि तो एक शब्द शोधत बसतात तोवर पुढचे तीन प्रश्न निघून जातात. बुद्धीचा काही संबंध नाही यात. दुसऱ्याच्या तोंडचं इंग्रजी कानावर पडायला पाहिजे, रोज पाच मिनिटं का असेना. आमच्याकडच्या बऱ्याच वर्गांत इंग्रजीचा ताससुद्धा इंग्रजी ऐकू न येता संपतो, धडा वाचला, मराठीत अर्थ सांगितला, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली, झालं.

हे मी सरांना दोष द्यायला लिहीत नाहीये, ते आवर्जून सांगते. एका वर्गात ऐंशी-शंभर मुलं, तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक ज्यांचं मानधन महिनोन्‌महिने अडकतं, विनाअनुदानित तुकड्या, वर निवडणुकीची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरायची, आणि शेवटी मुख्याध्यापक विचारणार ते निकाल किती टक्के लागला एवढंच. जे पेपरात येतं तेच शिकवलं जाणार, कुणीही असतं तरी हेच केलं असतं. म्हणून तर बोर्डाला सोबत लिहितेय. परीक्षा बदलली तरच वर्ग बदलतो, आणि इथे तर परीक्षा बदलायचीही गरज नाही, २० मार्क आधीच ठेवलेले आहेत.

बोर्डातल्या लोकांना २०१९ आठवत असेल. दहावीला भाषेचे तोंडी परीक्षेचे मार्क त्या वर्षी काढून टाकले होते, आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढा गदारोळ झाला. सीबीएसईच्या मुलांना अंतर्गत मार्क मिळतात आणि आमच्या मुलांना अकरावीच्या प्रवेशात फटका बसतो ही तक्रार बरोबरच होती, त्यामुळे पुढच्या वर्षीपासून २० मार्क परत आले. पण त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललंच नाही. मार्क होते तेव्हा आणि मार्क नव्हते तेव्हा, यातला फरक इतका मोठा निघाला म्हणजे ते मार्क कशाचे होते? मुलांना बोलता येतं याचे असते तर चांगलंच होतं. ते मार्क आता परत आलेत तर त्यांच्यामागे काहीतरी खरं उभं करू या, असं मला मनापासून वाटतं.

होईल कसं, ते माझ्या परीने सांगते. बारावी सायन्सच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक येतो, जर्नल तपासतो, व्हायवा घेतो. त्यात कुठे काय ढिलाई होते ते सगळ्यांना माहितीय, पण निदान बाहेरचा माणूस येतो, त्या भीतीने मुलगा लॅबमध्ये चार वेळा उभा राहतो. इंग्रजी बोलणं हे पण प्रॅक्टिकलच आहे. शेजारच्या शाळेतले इंग्रजीचे सर इकडे आणि इकडच्या मॅडम तिकडे, एवढी अदलाबदल केली तरी पुष्कळ फरक पडेल.

वेळेचा प्रश्न लगेच येणार, म्हणून हिशोब करूनच दाखवते. एकेकाला न बोलावता जोडीने बोलवा. केंब्रिजच्या शालेय पातळीवरच्या काही परीक्षांत दोन मुलांना एकत्रच बसवतात, ती एकमेकांशी बोलतात आणि परीक्षक ऐकतो, त्यात मुलांची भीतीही कमी होते. एका जोडीला आठ मिनिटं द्या. ऐंशी मुलांच्या वर्गाच्या चाळीस जोड्या, म्हणजे ३२० मिनिटं, पाच तास वीस मिनिटं. रोज दोन तास धरले तर तीन दिवसांत वर्ग संपतो. वर्षातून तीन दिवस. कार्डं बोर्डाने द्यावीत, पन्नास-साठ, आणि ती आपल्या मुलांच्या जगातली असावीत, आठवडी बाजार, शेतातलं एखादं काम, आजीची एखादी सवय, गावातली बंद पडलेली गोष्ट, मोबाइलमुळे घरात काय बदललं. दहा मार्क या बोलण्याला. मार्क कसे द्यायचे याचे निकष मराठी आणि इंग्रजी दोन्हीत एका पानावर छापावेत, ज्यात अडखळत का होईना पण स्वतःच्या मनाचं बोलणाऱ्या मुलाला पाठ केलेलं घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा जास्त मार्क असतील. उरलेले दहा ऐकण्याला. एक ऑडिओ बोर्डाने तयार करावा, सगळीकडे तोच, दोन वेळा वाजवावा, दहा सोपे प्रश्न. मोबाइल आणि एक ब्लूटूथ स्पीकर नाही अशी शाळा आता शोधावी लागेल, आणि क्यूआर कोडने ऑडिओ पोचवायची सोय तर पुस्तकात आधीपासून आहे.

यामुळे कुणी नापास होऊ नये हीसुद्धा माझी तेवढीच ठाम मागणी आहे. पास व्हायला लेखी आणि अंतर्गत मिळून ३५ लागतात, ते तसंच राहू द्या, गोंडपिपरीच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाला बोलता येत नाही म्हणून त्याचं वर्ष घालवणं हा गुन्हा ठरेल. फक्त मार्कशीटवर बोलण्याचे आणि ऐकण्याचे मार्क वेगळे छापा. दहापैकी चार असतील तर चार दिसू द्या. सोळाव्या वर्षी कळलं की चार आहेत तर पुढची सहा वर्षं हातात असतात. आज तो आकडा कुठेच दिसत नाही म्हणून बस स्टँडसमोर "९० दिवसांत फाडफाड इंग्लिश" चे बोर्ड लागतात आणि गरीब घरातले पैसे तिकडे जातात.

पालकांच्या बाबतीत एक बोलून घेते, विषयाला थोडं सोडून आहे. बोलता येत नाही या एकाच भीतीने लोक मराठी शाळेतून मुलं काढून गल्लीतल्या कुठल्याही इंग्लिश मीडियममध्ये टाकतायत, जिथे कधी कधी शिकवणाऱ्यांनाच धड बोलता येत नाही, आणि मुलाचं मराठीही जातं आणि गणितही जातं. माझ्याकडे अशी मुलं येतात, "यू नो, लाइक" करत दोन मिनिटं छान बोलतात, पण विषय थोडा खोल गेला, का असं विचारलं, की सांगायला काही नसतं. उलट मराठी माध्यमाचं पोरगं एकदा मोकळं झालं की काय काय बोलतं! स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात मतं विचारतात, तिथे ही मुलं खूप चांगली जातात, कारण विचार करायला ती आपल्या भाषेत शिकलेली असतात. तोंडी परीक्षा खरी झाली आणि मराठी शाळेतली मुलं इंग्रजी बोलताना गावाने बघितली, तर त्या शाळा वाचायलाही मदत होईल असं मला वाटतं.

२०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यासाठी मुलांना जर्मन शिकवायची चर्चा सुरू झाली. जर्मन भाषेच्या परीक्षासुद्धा चार भागांच्याच असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. जगात कुठेही भाषा येते का हे असंच बघतात. एक भाषा बोलून-ऐकून कशी शिकायची याची सवय ज्याला शाळेत लागली त्याला पुढे जर्मन काय, जपानी काय, रस्ता माहीत असतो.

आता सर-मॅडमना थेट. बोर्डाचं परिपत्रक येईल तेव्हा येईल. तुमच्या हातात आजही तासाची पहिली पाच मिनिटं आहेत. दोन बाकांवरच्या मुलांनी एकमेकांकडे तोंड करून काल संध्याकाळी काय केलं ते इंग्रजीत सांगायचं, बाकी काही नाही. पहिले आठ दिवस गोंधळ होईल, मुलं मराठीत बोलतील, हसतील, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. होऊ द्या. चुका लगेच दुरुस्त करू नका, वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्याच चुका घेऊन ग्रामरचा तास घ्या, "आय हॅड गॉन" दहा जणांकडून आलं असेल तर त्या दिवशी पास्ट टेन्स शिकवा. त्या दिवशी ग्रामर मुलांच्या डोक्यात जातं कारण ते त्यांच्याच तोंडचं वाक्य असतं. आणि हसणाऱ्याला वर्गात पहिल्यांदा थांबवा, हे सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः मागच्या बाकावरच्या मुलींसाठी, त्यांना येत असतं आणि त्या बोलत नाहीत.

ओरलसाठी वापरता येतील अशी कार्डं आणि मार्क द्यायचं एक पान मी माझ्या मुलांसाठी तयार केलेलं आहे, कुठल्याही शाळेने ते घ्यावं, झेरॉक्स काढावी, त्यात हवे ते बदल करावेत. लातूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात ओरलच्या दिवसांत बाहेरची परीक्षक म्हणून यायची माझी तयारी आहे, मानधन आणि गाडीभाडं काही नको. व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि एक बाक टाका आणि मुलं जोडीजोडीने पाठवत राहा. बोर्डाकडून फक्त एवढं हवंय की यंदाच्या अंतर्गत परीक्षेच्या सूचना काढताना ऐकण्याचे दहा आणि बोलण्याचे दहा असं स्पष्ट लिहावं, आणि परीक्षक शेजारच्या शाळेचा असावा ही एक ओळ त्यात घालावी.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका, लातूर